परराज्यातल्या माणसाला बंदूक विकायची तर: अमेरिकेतल्या खासगी विक्रेत्यासाठी

टेक्सासमध्ये राहणाऱ्या वडिलांनी कोलोरॅडोत राहणाऱ्या मुलाला आपली शिकारीची रायफल भेट दिली. पैसा घेतला नाही, कुरियर केलं नाही, मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा गाडीच्या डिकीत ठेवून दिली. इतकं करूनही दोघांनी संघराज्याचा कायदा मोडलेला असतो. जाणूनबुजून केलं असं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. मुलाने ती रायफल कोलोरॅडोतल्या परवानाधारक दुकानातून घेतली असती, तर तोच व्यवहार पूर्ण कायदेशीर झाला असता.

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याची मेख इथे आहे. बंदूक कुठून कुठे गेली यापेक्षा देणारा कुठला रहिवासी आणि घेणारा कुठला, हे तो कायदा आधी बघतो. परवाना नसलेल्या माणसाने परवाना नसलेल्या परराज्यातल्या माणसाला बंदूक विकायची नाही, भेट द्यायची नाही, अदलाबदलीतही द्यायची नाही. घेणाऱ्यावरही तशीच बंदी आहे: राज्याबाहेर मिळवलेली बंदूक आपल्या राज्यात आणायची नाही. मधे परवानाधारक डीलर हवा. सगळे त्याला ‘एफएफएल’ म्हणतात, इथेही तेच म्हणू.

थेट हस्तांतराला अपवाद मोजकेच. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली बंदूक परराज्यातला वारस थेट घेऊ शकतो, मात्र ती बाळगायला तो स्वतः पात्र हवा आणि त्याच्या राज्यात ती बंदूक कायदेशीर हवी. शिकारीला किंवा नेमबाजीला तात्पुरती उसनी देता येते. वडील हयात असताना ‘पुढे तुझीच आहे’ म्हणून दिलेली बंदूक वारसा ठरत नाही.

आधी स्वतःकडे बघा

तुम्ही खरोखर खासगी विक्रेते आहात का? स्वतःच्या संग्रहातली एखाददुसरी बंदूक विकायला परवाना लागत नाही. पण नफ्यासाठी सारखी खरेदी-विक्री करणं हा धंदा झाला, आणि परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ‘प्रामुख्याने नफा मिळवण्यासाठी’ असे शब्द व्याख्येत आणले. किती बंदुका विकल्या म्हणजे धंदा, असा आकडा कायद्यात नाही. पाच-सहापर्यंत चालतं वगैरे जे सांगितलं जातं ते कल्पनेतलं आहे. विकत घेऊन महिन्याभरात, डब्यासकट, चढ्या भावाने विकलेली एक बंदूकही अडचणीत आणू शकते. आजोबांच्या दहा बंदुका एकदम विकणारा सहसा धंदेवाला ठरत नाही.

गिऱ्हाईक आणि व्हिसा

बंदूक एफएफएलकडे जाणार असली तरी आपली जबाबदारी संपत नाही. समोरचा माणूस अपात्र आहे हे माहीत असताना, किंवा तशी शंका येण्याजोगं कारण असताना विकली, तर विक्रेता गुन्हेगार ठरतो. जून २०२२ पासून या कलमाची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसेच्या गुन्ह्यातले दोषी, फरारी, बेकायदा अमली पदार्थ घेणारे असे अनेक गट अपात्रांच्या यादीत आहेत. गांजाला राज्याने मुभा दिली असली तरी संघराज्याच्या कायद्यात ती नाही, आणि ही सूचना खरेदीच्या फॉर्मवरच छापलेली असते.

अमेरिकेतल्या मराठी घरांना लागू पडणारा गट वेगळा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. पंधरा वर्षं इथे नोकरी आहे, घर आहे, ग्रीन कार्डाचा अर्ज पडून आहे, यातल्या कशानेही ती उठत नाही. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. ‘मुदतीतला’ या शब्दावर बोट ठेवा. परवान्याची मुदत संपली आणि नवा काढला नाही, तर घरातल्या कपाटात ठेवलेली बंदूकही बेकायदा होते. तशा स्थितीत ती विकायला काढणारा माणूस स्वतःच्या अडचणीची जाहिरात करत असतो. त्याने आधी वकील गाठावा. ग्रीन कार्ड हातात असलेल्याला ही बंदी नाही. खरेदीच्या फॉर्मवर त्याला इमिग्रेशनचा क्रमांक भरावा लागतो, एवढंच.

पाठवायची वस्तू कायद्याने बंदूक आहे का?

आधुनिक बंदुकीत फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा, हा भाग कायद्याने बंदूक असतो. सिरीयल नंबर त्याच्यावर असतो, म्हणून तो सुटा पाठवला तरी सगळे नियम लागू. नळी, दस्ता, चाप, दुर्बीण हे सुटे भाग संघराज्याच्या लेखी बंदूक नाहीत. १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि १९६८ च्या कायद्यातून बाहेर पडते. इथे बनण्याचं वर्ष बघायचं, मॉडेल बाजारात आल्याचं नाही. १८९४ चं म्हणून ओळखलं जाणारं मॉडेल १९५० साली बनलेलं असेल तर ती साधी बंदूकच. सिरीयल नंबर नाही म्हणजे अँटिक, हाही गैरसमज आहे. १९६८ पूर्वी अनेक स्वस्त रायफलींवर नंबर घातलेच जात नसत.

सायलेन्सर, १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन, मशीनगन या गोष्टी १९३४ च्या कायद्याखाली नोंदलेल्या असाव्या लागतात. १ जानेवारी २०२६ पासून मशीनगन आणि विध्वंसक उपकरणं वगळता बाकीच्यांवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला. त्यावरून नोंदणीही गेली असं काही जणांनी समजून घेतलं. ती गेलेली नाही, आधी मंजुरी लागतेच. अशा वस्तूंसाठी हा लेख वापरू नका.

घेणाऱ्याच्या राज्याचा कायदा

व्यवहार फिसकटतात ते जास्त करून इथे. टेक्सासमध्ये सहज मिळणारं पिस्तूल कॅलिफोर्नियात सामान्य गिऱ्हाइकाला मिळेलच असं नाही. तिथे राज्याने मान्य केलेल्या हँडगनची यादी आहे. यादीबाहेरचं पिस्तूल कॅलिफोर्नियाचे दोन रहिवासी डीलरमार्फत आपसात विकू शकतात, पण परराज्यातल्या विक्रेत्याला ती सवलत मिळत नाही. पिस्तूल डीलरकडे पोचतं आणि तिथेच अडकतं. शिवाय दहा दिवसांची थांबणूक आहेच.

न्यू जर्सीत रायफल किंवा शॉटगनसाठी खरेदीदार ओळखपत्र लागतं, हँडगनसाठी प्रत्येक नगामागे वेगळी परवानगी. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याने दिलेलं बंदूकमालकाचं ओळखपत्र, लागतं. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून तीन दिवस थांबावं लागतं. वॉशिंग्टन राज्यात २०२४ च्या सुरुवातीपासून कामकाजाचे दहा दिवस.

मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, हा छोटा भाग आहे, पण चुका त्यातच जास्त होतात. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीची मर्यादा दहा काडतुसांची, कोलोरॅडोची पंधरा. पिस्तुलाबरोबर कारखान्यातून आलेली सतरा काडतुसांची मॅगझिन तशीच डब्यात राहते, आणि ज्याने बंदुकीचे सगळे कागद चोख केले तो मॅगझिनपायी अडकतो. अशी मॅगझिन काढून घ्या आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच लिहून कळवा.

कायदे दर विधिमंडळ अधिवेशनात बदलतात. त्यामुळे कितीही तक्ते वाचले तरी शेवटचा शब्द घेणाऱ्याच्या एफएफएलचा. त्याला मेक, मॉडेल, नळीची लांबी आणि मॅगझिनची क्षमता लिहून पाठवा आणि ‘ही बंदूक या माणसाला देता येईल का?’ असं विचारा. उत्तर लेखी घ्या.

एफएफएल पक्का करणं

एफएफएल गिऱ्हाइकाने निवडायचा, त्याच्याच राज्यातला. मग त्या दुकानाला फोन करून दोन प्रश्न विचारा. पहिला, खासगी माणसाने पाठवलेलं पार्सल घेता का? कायद्याने ते घेऊ शकतात, पण बरीच दुकानं धोरण म्हणून फक्त दुसऱ्या एफएफएलकडूनच घेतात. हे न विचारता पाठवलेलं खोकं आल्या पावली परत येतं आणि जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो. दुसरा प्रश्न, हस्तांतराचं शुल्क किती? बहुतेक ठिकाणी ते २५ ते ७५ डॉलरच्या आसपास असतं आणि गिऱ्हाईक भरतं.

त्यांच्याकडून परवान्याची सही केलेली प्रत मागवा. नंतर एटीएफच्या, म्हणजे बंदुकांचे परवाने देणाऱ्या संघराज्याच्या खात्याच्या, संकेतस्थळावरच्या ‘ईझी चेक’ पानावर परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाका. तिथे दिसणारा पत्ता आणि प्रतीवरचा पत्ता जुळला पाहिजे. परवान्याची प्रत ईमेलने गिऱ्हाइकाकडून आली असेल तर दुकानाचा फोन नंबर त्या ईमेलमधून घेऊ नका, स्वतः शोधून फोन करा. बनावट प्रत करून बंदूक भलत्याच पत्त्यावर मागवण्याची फसवणूक अशीच होते.

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांकडे ‘०३’ प्रकारचा परवाना असतो. ते पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या बंदुका परराज्यातून थेट घरी मागवू शकतात. जुनी लष्करी रायफल विकत असाल तर हा सोपा रस्ता. नवीन पिस्तूल मात्र ‘०३’ वाल्याला पाठवायचं नाही. त्या बंदुकीपुरता तो सामान्य माणूसच आहे.

पैसे आणि अटी

पेपॅलच्या धोरणात बंदूकविक्री बसत नाही. तिथे पैसे घेतले तर खातं गोठू शकतं. पोस्टाची मनी ऑर्डर अजूनही चालते. ती पोस्टात वटवून मगच बंदूक पाठवा, कारण बनावट मनी ऑर्डरी फिरत असतात. अटींत एक वाक्य नक्की हवं: दुकानात होणाऱ्या पार्श्वभूमीच्या तपासणीत गिऱ्हाईक नाकारलं गेलं तर परतीचा खर्च, दोन्हीकडच्या एफएफएलचं शुल्क आणि ठरलेली कपात कोणाकडे. हे आधी लिहिलेलं नसेल तर नंतर भांडण ठरलेलं.

कोणत्या रस्त्याने पाठवायची

कायदा एक सांगतो आणि कुरियर कंपन्यांची धोरणं त्याहून कडक आहेत. जुन्या माहितीवर विसंबणारे इथेच चुकतात. कायद्यानुसार खासगी माणूस कोणत्याही राज्यातल्या एफएफएलला बंदूक पाठवू शकतो. पण २०२२ पासून यूपीएस आणि फेडएक्स दोघेही परवानाधारकांकडूनच, तेही करार करून, बंदुका स्वीकारतात. ‘यंत्राचे भाग’ लिहून खोकं काउंटरवर ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तो मानू नका. खोटी घोषणा केली की विमा गेला, आणि नुकसान झालं तर दाद मागायला तोंड उरत नाही.

लांब बंदुकीला, म्हणजे रायफल आणि शॉटगनला, सरकारी टपाल हा रस्ता खासगी माणसाला मोकळा आहे, पण बंदूक रिकामी आणि पत्ता एफएफएलचा हवा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारख्या लपवता येण्याजोग्या बंदुका सामान्य माणसाने टपालाने पाठवायला १९२७ च्या कायद्याने मनाई केली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्या मनाईवर वाद सुरू आहे, त्यामुळे पाठवायच्या दिवशी टपाल खात्याच्या प्रकाशन ५२ मधला ४३२ वा विभाग उघडून वाचा. गेल्या वर्षी वाचलेलं चालवू नका.

पिस्तुलासाठी शहाणपणाचा मार्ग म्हणजे आपल्या गावातला एफएफएल. पिस्तूल त्याच्याकडे न्या, तो आपल्या वहीत नोंदवेल आणि समोरच्या एफएफएलला पाठवेल. त्याच्याकडे कुरियरचा करार असतो, किंवा फॉर्म १५०८ भरून तो टपालाने पाठवतो. शुल्क जातं, पण पॅकिंग, घोषणा, राज्याच्या अटी ही डोकेदुखी त्याची. एक लक्षात ठेवा, त्याच्या वहीत नोंद झाल्यावर व्यवहार मोडला तर तुमचीच बंदूक परत घेताना तुम्हालाही फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीचा फॉर्म, भरून तपासणीतून जावं लागतं.

बांधणी

मॅगझिन काढा, चेंबर (नळीमागे काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. रायफलचा बोल्ट काढून वेगळा गुंडाळा. काढता येत नसेल तर प्लॅस्टिकची पट्टी चेंबरमधून ओवा. काडतूस एकही नको. टपालात काडतुसं पूर्ण बंद आहेत, आणि बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एखादंही पुरेसं आहे. म्हणून जुनं कापडी कव्हर पाठवूच नका, त्याच्या खिशांत काय निघेल सांगता येत नाही. विजेवर चालणारी दुर्बीण असेल तर सेल काढा.

सिरीयल नंबर, आधीचे ओरखडे आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या. बंदुकीला हलका तेलाचा हात आणि प्लॅस्टिकची पिशवी. त्यावर कडक केस, आणि केसवर साधं पुठ्ठ्याचं खोकं. बंदूक कंपनीचं नाव छापलेलं खोकं वापरू नका, चोराला ते बोलावणंच. सगळ्यात जास्त नुकसान नळीच्या टोकाला होतं. खोकं उभं आपटलं की बंदूक स्वतःच्या वजनाने घसरते, नळी पुठ्ठा फोडून बाहेर येते आणि दस्ता पकडीच्या बारीक जागी चिरतो. दोन्ही टोकांना दोन-तीन इंचांचा घट्ट फोम द्या, नळीच्या टोकासमोर पातळ प्लायवूडचा तुकडा ठेवा. खोकं हलवून बघा, आत काहीही सरकलं तर पुन्हा उघडा.

आत एक लिफाफा ठेवा: तुमच्या ओळखपत्राची प्रत, पत्ता, फोन, बंदुकीचा मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, आणि गिऱ्हाइकाचं नाव व फोन. एफएफएलला कामकाजाच्या पुढच्या दिवसाअखेर आपल्या वहीत ‘कोणाकडून आली’ ते नाव-पत्त्यासह लिहावं लागतं. लिफाफा नसेल तर बंदूक कोणाची आणि कोणासाठी हे त्याला कळतच नाही, आणि ती कोपऱ्यात पडून राहते.

पत्ता एफएफएलच्या दुकानाच्या नावाने, ईझी चेकवर दिसतो तसाच. बाहेर बंदुकीचा उल्लेख कुठेही नको. कुरियरने तसं लेबल लावायला भाग पाडणंही कायद्यात निषिद्ध आहे.

काउंटरवर

खोकं घरून बंद करून न्या. पोस्टाच्या आवारात बंदूक उघडी काढू नका. कर्मचाऱ्याने विचारलं तर खरं सांगा: रिकामी रायफल, परवानाधारकाला. रिकामी असल्याचं लेखी देण्यास किंवा खोकं उघडून दाखवण्यास टपाल खातं सांगू शकतं, म्हणून टेप आणि परवान्याची प्रत जवळ ठेवा. काही कर्मचाऱ्यांना वाटतं की कोणतीच बंदूक चालत नाही. वाद न घालता प्रकाशन ५२ चं पान छापून दाखवा किंवा पोस्टमास्तरला भेटा. ट्रॅकिंग, सहीसह पोच आणि पूर्ण किमतीचा विमा, तिन्ही घ्या. ३० इंचांपेक्षा लांब खोक्यावर जादा शुल्क लागतं, ते भाव सांगतानाच धरून ठेवा. सोमवारी किंवा मंगळवारी पाठवलं तर पार्सल रविवारभर गोदामात पडून राहण्याचा संभव कमी.

पलीकडे काय होतं

गिऱ्हाईक दुकानात जाऊन फॉर्म ४४७३ भरतं, सध्याच्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र दाखवतं. नुकतंच घर बदललेलं असेल, ओळखपत्रावर जुना पत्ता असेल आणि नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागदही नसेल, तर काम तिथेच थांबतं. मग एफबीआयच्या निक्स यंत्रणेतून, किंवा राज्याच्या स्वतःच्या खात्यामार्फत तपासणी होते. उत्तर तीनपैकी एक: द्या, थांबा, नका देऊ. ‘थांबा’ आलं आणि कामकाजाचे तीन दिवस उत्तर नाही, तर संघराज्याच्या कायद्याने डीलर बंदूक देऊ शकतो. द्यायलाच हवी असं नाही. एकवीसखालच्या गिऱ्हाइकाची तपासणी २०२२ पासून दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते. आणि केलेली तपासणी तीस दिवसच चालते.

नकार आला तर एफएफएल ती बंदूक परराज्यातल्या तुमच्या घरी सरळ परत पाठवणार नाही. ती तुमच्या गावातल्या एफएफएलकडे येते आणि तुम्ही फॉर्म भरून सोडवता.

एफएफएल न लागणारे प्रसंग

दुरुस्तीला बंदूक परराज्यातल्या कारखान्याला किंवा परवानाधारक कारागिराला तुम्ही पाठवू शकता, आणि तो दुरुस्त करून, किंवा त्याच जातीची बदली देऊन, थेट तुमच्या घरी परत पाठवू शकतो. शिकारीला जाताना बंदूक स्वतःलाच पाठवता येते: पत्त्यावर नाव तुमचंच, ‘द्वारा’ म्हणून तिथल्या ओळखीच्या माणसाचं. त्याने खोकं उघडायचं नाही, तुम्हीच उघडायचं. घर बदलून दुसऱ्या राज्यात जाताना स्वतःची बंदूक नेणं हे हस्तांतर नव्हेच, फक्त नव्या राज्यात ती चालते का ते आधी बघा.

दोन राज्यांच्या सीमेवरच्या वाहनतळावर भेटून देवाणघेवाण करणं मात्र सुरुवातीच्या वडील-मुलाच्या गोष्टीइतकंच बेकायदा आहे. रायफल किंवा शॉटगन असेल तर गिऱ्हाईक तुमच्या राज्यात येऊन तिथल्या एफएफएलसमोर घेऊ शकतं, दोन्ही राज्यांच्या कायद्यांत ते बसत असेल तर. हँडगनला ही मुभा नाही. ती गिऱ्हाइकाच्या राज्यातल्या एफएफएलकडेच जायला हवी.

भारतात नातेवाइकाला पाठवायचा विचार यात कुठेच बसत नाही. त्याला अमेरिकेचा निर्यात परवाना आणि भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा लागतो, आणि सामानात ठेवलेली सुटी नळीदेखील निर्यातच धरली जाते.

पार्सल हरवलं तर टपाल खात्याकडे दावा लावा आणि त्याच दिवशी स्थानिक पोलिसांत सिरीयल नंबर नोंदवा. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग कारखान्यापासून पहिल्या दुकानापर्यंत आणि तिथून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत येतो. ते गिऱ्हाईक तुम्ही असाल, तर दारावर आलेल्या अधिकाऱ्याला दाखवायला परवान्याची प्रत, ट्रॅकिंगची पावती आणि पोचेची सही लागेल. खासगी विक्रेत्याने नोंद ठेवावी अशी संघराज्याची सक्ती नाही, तरी ही तीन कागदं फेकू नका.